राजगडचा पाहुणा आणि आग्र्याचा समारंभ



कोणताही समारंभ करावयाचा म्हटला की आपण प्रथम कागद घेऊन बसतो. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, हारतुरे, पाहुण्यांची नावे, चहापान, आभार. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्याने हा कागद माझ्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. त्यावर जे लिहिलेले असते ते बहुतेक आपल्या हातातले असते. समारंभ बिघडतो तो मात्र कागदावर नसलेल्या गोष्टींनी. परीक्षेचे वेळापत्रक बदलते, निवडणुकीची आचारसंहिता लागते, चांद एक दिवस पुढे जातो, वेल्ह्याच्या बाजूला अवकाळी पाऊस होऊन एस. टी. येत नाही, आणि आपण कागद हातात धरून उभे राहतो.

कार्यक्रम आखताना अशा बाहेरच्या कारणांचा विचार कसा करावा, हे हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवितात असे ऐकतो. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. मला या विषयाचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच डोंगरात सापडते. तीनशे साठ वर्षांपूर्वी राजगडाहून एक पाहुणा एका वाढदिवसाच्या दरबाराला निघाला. निमंत्रण सन्मानाचे होते, तयारी दोन्ही बाजूंनी झाली होती, वाटखर्चाची तजवीज होती, मुक्काम ठरले होते. तरीही तो समारंभ एका दुपारी असा विस्कटला की त्याचे परिणाम हिंदुस्थानच्या इतिहासाला पुढे कितीतरी वर्षे भोगावे लागले.

आपल्यापैकी अनेकांनी राजगड पाहिला असेल. गुंजवण्याच्या बाजूने चढून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर यावे, बालेकिल्ल्याच्या कड्याखाली दम खावा, आणि मग चारी बाजूंना नजर टाकावी. एका अंगाला तोरणा, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेले भाटघरचे पाणी. (हे पाणी इंग्रजी अमदानीतले, महाराजांच्या वेळी तेथे वेळवंडीचे खोरे होते.) ज्या तालुक्यात हा गड आहे त्या वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. जुनी माणसे अजून वेल्हेच म्हणतात आणि मीही सवयीने तेच लिहितो. राजधानी रायगडावर जाण्यापूर्वी स्वराज्याचा कारभार याच गडावरून चालत असे.

या प्रवासाची तिथी आपल्याला सांगते तीही आपल्याच भागातली एक वही. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी जपलेली ही शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. फार कोरडी वही आहे ती. तिथी, घटना, संपले. परंतु त्या कोरडेपणामुळेच इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवतात. तिच्यातील नोंदीप्रमाणे फाल्गुन शुद्ध नवमीस, म्हणजे ५ मार्च १६६६ रोजी, महाराज राजगडाहून निघाले. हिजरी सन १०७६ चा तो रमजानचा महिना होता. पंचांगे दोन असली तरी चंद्र एकच, त्यामुळे शुद्ध नवमी म्हणजे रमजानचा पहिला तिसरा हिस्सा उलटत आला होता, हे विद्यार्थ्यांना सहज ताडता येईल. ईद वाटेतच झाली.

आता हा समारंभ आग्र्याला का, मे महिन्यात का, आणि महाराजांना त्याला बोलावणे का, असे तीन प्रश्न विचारून पाहा. तिन्हींची उत्तरे समारंभाच्या बाहेर आहेत.

पहिले कारण लढाईचे. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा महाराजांकडे राहिले. आपल्या भोरचा रोहिडा गेला. राजगड आणि तोरणा राहिले. त्या तहात महाराजांनी स्वतः दरबारी जाऊन चाकरी करावी असे कलम नव्हते. पाच हजारी मनसब मिळाली ती बाळ संभाजीराजांना. म्हणजे कागदाप्रमाणे पाहू गेल्यास आग्र्याला जाण्याचे कारणच नव्हते. पण मिर्झाराजे जयसिंह तहानंतर विजापूरवर चालून गेले आणि ती मोहीम फसली. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा महाराजांचा हल्लाही फसला. त्याच सुमारास नेताजी पालकर विजापूरकरांना जाऊन मिळाले. मिर्झाराजांना भीती पडली की महाराजही उद्या विजापूरशी हातमिळवणी करतील. तेव्हा त्यांना काही काळ दक्षिणेबाहेर, मानाने, पाहुणा म्हणून पाठविणे हा उपाय त्यांना सुचला. निमंत्रणाच्या मुळाशी असा एक पराभव होता.

दुसरे कारण एका मृत्यूचे. शहाजहान बादशहा १६५८ पासून आग्र्याच्या किल्ल्यात मुलाच्या कैदेत होते. औरंगजेबाचा दरबार तेव्हा दिल्लीस भरत असे. २२ जानेवारी १६६६ रोजी शहाजहान वारले आणि दरबार आग्र्याला आला. वडील जिवंत असते तर त्याच किल्ल्यात हा उत्सव झाला असता, असे मला तरी वाटत नाही.

तिसरे कारण मात्र आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे चंद्राचे वर्ष. औरंगजेबाचा जन्म दोहदचा, २४ ऑक्टोबर १६१८ चा. आपण शाळेच्या दाखल्याप्रमाणे वाढदिवस धरतो तसा धरला तर तो ऐन ऑक्टोबरात यावा. पण दरबाराचा हा वाढदिवस चांद्र वर्षाचा होता. चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत सरकत हा पन्नासावा वाढदिवस मे महिन्यात येऊन पोहोचला. आपली ईद कधी पावसात तर कधी उन्हाळ्यात येते, त्यातलाच हा प्रकार. परिणाम असा की पाहुण्याला चैत्र-वैशाखाच्या उन्हातून माळवा ओलांडून यावे लागले, आणि ठरलेल्या दिवसाच्या अगदी आदल्या दिवशी तो शहराबाहेर येऊन पोहोचला. राजगड सोडल्यापासून तो सदुसष्टावा दिवस होता.

येथे थोडे थांबून विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकात आग्र्याची हकीकत आहे आणि मुलांना त्यातले मिठाईचे पेटारे पाठ असतात. एकदा वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, पेटारे कळले. पण भांडण नेमके कशावरून झाले? ते काय भांडायलाच गेले होते?" मी तेव्हा अपमानाचे नेहमीचे उत्तर दिले आणि पुढचा धडा घेतला. ते उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे होते. तिच्या प्रश्नामुळेच मी पुढे जयपूर दरबारच्या जुन्या पत्रांचा अभ्यास केला. सर जदुनाथ सरकार व डॉ. रघुवीरसिंह यांच्या संपादनाने ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. आग्र्यात असलेल्या परकालदास नावाच्या एका कारकुनाने आंबेरला कल्याणदासांना त्या दिवसांत ही पत्रे लिहिली. त्यांत मोठमोठे विचार नाहीत. कोण कोठे गेले, कोण कोणाला भेटले, कोणत्या वाटेने आले, एवढेच आहे. स्नेहसंमेलनाचे काम केलेल्या माणसाला मात्र ती वाचताना घाम फुटतो.

११ मे १६६६ रोजी महाराज आग्र्याबाहेर मलुकचंदाच्या सराईत उतरले. त्यांना सामोरे जाण्याचे काम मिर्झाराजांचा मुलगा कुमार रामसिंह याचे. पाहुणा त्याच्या वडिलांच्या शब्दावर आलेला. परंतु त्या दिवशी बादशाही वाड्याभोवतीच्या चौकीची पाळी नेमकी रामसिंहाकडे आली होती. दरबारात प्रत्येक सरदाराला ठरावीक दिवशी पहाऱ्यास हजर राहावे लागे, त्यात सूट नसे. म्हणून रामसिंहाने आपला मुनशी गिरधरलाल याला सराईत पाठविले.

दुसरा दिवस समारंभाचा. चौकी संपवून रामसिंह मुखलिसखानाला बरोबर घेऊन पाहुण्याला आणावयास निघाला. इकडे गिरधरलाल पाहुण्याला घेऊन निघालाच होता. शहरात येण्याच्या वाटा दोन. यजमान एका वाटेने बाहेर गेला, पाहुणा दुसऱ्या वाटेने आत आला. चूक लक्षात आल्यावर धावपळ झाली, माणसे पाठविली गेली, आणि अखेर नूरगंजच्या बागेजवळ दोघांची गाठ पडली. भेट प्रेमाने झाली यात शंका नाही. पण या सर्व प्रकारात वेळ गेला. दिवाण-इ-आममधला मोठा दरबार, जेथे पाहुण्याची भेट सर्वांदेखत व्हायची, तो आटोपला होता. बादशहा दिवाण-इ-खासमध्ये गेले होते. महाराजांना तेथे नेण्यात आले.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. बक्षी असदखानाने महाराजांना समोर नेले. नजराणा झाला. बादशहा काही बोलले नाहीत. महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. पाच हजारी ही लहान मनसब नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे. पण तीच मनसब त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला होती. (नऊ पुरी व्हायलाही दोन दिवस कमी होते; संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा.) विजापूर सोडून पुन्हा मोगलांकडे आलेल्या नेताजींनाही तीच मिळाली होती. वाढदिवसाचे विडे वाटले गेले ते त्यांना मिळाले. मग खिलती वाटल्या गेल्या. शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जोधपूरच्या जसवंतसिंहाला. महाराजांच्या रांगेपर्यंत त्या आल्या नाहीत. पुढे पाठमोरे उभे कोण, असे त्यांनी विचारले, तेव्हा जसवंतसिंहाचे नाव सांगण्यात आले. मग त्यांचा तोल गेला. ते मागे फिरले आणि बाजूला जाऊन बसले. समजूत घालावयास सरदार आले, खिलत घेऊन आले, पण त्यांनी ती घेतली नाही.

सदुसष्ट दिवसांचा प्रवास आणि काही तासांची चुकामूक, असा हा प्रकार आहे. औरंगजेबाच्या मनात पहिल्यापासून काय होते यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या वादात मी पडत नाही. मला साधा प्रश्न पडतो. ज्याचा पाहुणा, त्याचीच त्या दिवशीची चौकी कोणी बदलून का दिली नाही? ११ तारखेला दुसऱ्या सरदाराने पहारा केला असता तर रामसिंह स्वतः सराईत गेला असता, सकाळी एकाच वाटेने दोघे आले असते आणि मोठ्या दरबारात वेळेवर उभे राहिले असते. पण चौकीचे वेळापत्रक एका कचेरीचे, वाढदिवसाची व्यवस्था दुसऱ्या कचेरीची, आणि पाहुण्याची जबाबदारी दूर दक्षिणेत छावणी टाकून बसलेल्या मिर्झाराजांची. तीन ठिकाणी तीन कागद होते आणि ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचले नाहीत.

हे वाचताना मला आमच्या संमेलनाचा प्रसंग आठवला, तो सांगतो. त्यातला दोष माझा आहे, म्हणूनच सांगण्यास संकोच नाही. वेल्ह्याच्या बाजूचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहुणे म्हणून यावयाचे होते. स्वतः सातवीनंतर शाळा सोडलेली, पण डोंगरातल्या वाड्यांवरून शिकावयास येणाऱ्या मुलींसाठी राहण्याच्या एका खोलीचा वर्षभराचा खर्च उचलण्याचे त्यांनी मनात घेतले होते, आणि तसे ते व्यासपीठावरून जाहीर करणार होते. त्यांना उतरून घ्यावयास मी एका विद्यार्थ्याला एस. टी. स्टँडवर उभे केले. त्या दिवशी त्यांच्या बाजूची गाडी रद्द झाली. ते पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून दुसऱ्या बाजूने थेट शाळेच्या दारी आले. दारात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. मी ध्वनिक्षेपकाच्या तारा जोडण्यात गुंतलो होतो. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी पाहून कोणीतरी दुसऱ्या पाहुण्यांना तीवर बसविले होते. ते मागे भिंतीशी अर्धा तास उभे राहिले आणि कोणाला न सांगता निघून गेले. स्टँडवरचा मुलगा दुपारपर्यंत तेथेच उभा होता. त्याला कोणी बोलावलेच नाही. खोलीचा विषय त्या वर्षी राहिला. आमच्या यादीतल्या दोन मुलींचे नाव पुढच्या जूनमध्ये हजेरीपटावर नव्हते. खोली मिळाली असती तर त्या आल्याच असत्या असे मी म्हणू शकत नाही. पण नसत्या आल्या असेही म्हणवत नाही.

असो. आग्र्याकडे वळू.

बाहेरच्या कारणांत आणखी एक कारण असते व त्याची नोंद कोणत्याच यादीत होत नाही, ते म्हणजे समारंभाला आलेली इतर माणसे. महाराजांनी दरबार सोडल्यावर त्यांना कठोर शासन करावे म्हणून बादशहाचे कान भरणारे कोण होते ते पाहा. शहजादी जहाँआरा, सुरत बंदराचे उत्पन्न तिला लावून दिलेले, आणि सुरत १६६४ साली लुटली गेलेली. वजीर जाफरखान; त्याची बायको शाहिस्तेखानाची बहीण, आणि शाहिस्तेखानाची बोटे लाल महालात तुटलेली. जसवंतसिंह, कोंढाण्याचा वेढा उठवून त्याला हात हलवीत परतावे लागले होते. प्रत्येकाच्या मनात एक जुना हिशेब होता. उलट बाजूला रामसिंह. त्याने महाराजांसाठी बादशहाकडे जामीन लिहून दिला. आमच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. आग्र्याची हकीकत हिंदू एका बाजूला व मुसलमान दुसऱ्या बाजूला अशी सांगितली, की जसवंतसिंह कोठे उभा करावा हेच कळेनासे होते. मुखलिसखान रामसिंहाबरोबर पाहुण्याला आणावयास उन्हातून गेला होता, हेही मग सांगावयाचे राहून जाते. माणसे आपापल्या नुकसानीप्रमाणे आणि आपापल्या शब्दाप्रमाणे उभी होती. ज्या घरातले मूल हा धडा वाचताना मान खाली घालत असेल, त्या घरातल्या वडिलांनी त्याच्याबरोबर बसून हा दिवस एकदा तास-तासाने वाचून पाहावा.

महाराजांना स्वतःला बाहेरच्या कारणांचा अंदाज नव्हता असे मात्र कोणी समजू नये. तीन वर्षांपूर्वीची लाल महालाची रात्र आठवा. ५ एप्रिल १६६३, चैत्र शुद्ध अष्टमी. तोच दिवस रमजानच्या सहाव्या तारखेचा. दिवसभराच्या रोजानंतर रात्री जेवून चाकरनोकर गाढ झोपलेले असणार, पहाटेच्या सहरीसाठी फक्त मुदपाकखान्यातली माणसे उठलेली असणार, हे सारे हिशेबात धरलेले होते. स्वयंपाकघराच्या बाजूनेच माणसे आत शिरली. शत्रूच्या छावणीचा महिना, तिथी, जेवणाची वेळ आणि झोपेची वेळ त्यांना ठाऊक होती. ज्याला समोरच्याच्या घरचा उपवास ठाऊक असतो त्याच्या बेताला काय म्हणावे! त्या रात्री चंद्र, रमजान आणि झोप ही तिन्ही बाहेरची कारणे त्यांच्या बाजूला होती. आग्र्यात तशी एकही नव्हती, कारण तेथला बेत त्यांचा नव्हता. ते पाहुणे होते.

पण जो बेत त्यांचा होता, तो राजगडावर राहिला होता, आणि माझ्या मते या सर्व प्रकरणात नीट अभ्यासावा असा भाग तोच आहे. निघण्यापूर्वी महाराजांनी कारभाराची वाटणी करून दिली. वर मातुःश्री जिजाबाई. त्यांच्या हाताखाली मोरोपंत पेशवे, निळो सोनदेव मजुमदार आणि गडोगडचे हवालदार. रोजचा कारभार राजाची आज्ञा येण्याची वाट पाहून थांबणार नाही, अशी सोय लावून दिली. धनी परत येईल तेव्हा येईल, कदाचित येणारही नाही, हे धरून केलेली ती व्यवस्था होती. मुलगा बरोबर नेला होता, म्हणजे गादीचा वारसही गडावर नव्हता. अशा स्थितीत मे ते ऑगस्ट बातमी येई ती कैदेची. बातमीलाही आठवडे लागत. परंतु त्या महिन्यांत बारा किल्ल्यांपैकी एकही किल्ला हातचा गेला नाही. राजगडावर जाल तेव्हा बालेकिल्ल्याचे फोटो काढून झाल्यावर त्या पावसाळ्याचा विचार करा. चार महिने धुके, खालची खोरी तुडुंब, आणि नातू व मुलगा दोघेही शत्रूच्या पहाऱ्यात असताना सदर चालवणारी साठीच्या घरातली एक बाई.

आग्र्यातही महाराजांनी पुढे तेच केले. पहिले काही दिवस रागात गेले, मग त्यांनी भोवतालच्या परिस्थितीचे वाचन सुरू केले. कोतवाल फौलादखानाचा पहारा बसलेला. काबूलकडे पाठविण्याचा विचार चाललेला. तेव्हा आपल्या बरोबरच्या माणसांना परत जाण्याचे परवाने त्यांनी मागितले आणि दरबारानेही ते आनंदाने दिले. कैद्याजवळची माणसे कमी होतात, आणखी काय हवे? दरबाराला तो आपला फायदा वाटला, आणि महाराजांच्या पाठीवरचे ओझे उतरले. मग आजारपण, दानधर्म, मिठाई. पहारेकऱ्यांना रोज पेटारे उघडून पाहण्याचा कंटाळा यावा इतके दिवस ते चालू राहिले. १७ ऑगस्ट १६६६ रोजी ते निसटले. वाट भर पावसाळ्याची, नद्यांना पूर. राजगडावर ते कधी पोहोचले यावर दोन मते आहेत. एक मत १२ सप्टेंबरचे. ते धरले तर जाताना सदुसष्ट दिवस लागलेली वाट त्यांनी सव्वीस दिवसांत तोडली. कारीची शकावली मात्र मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, म्हणजे २० नोव्हेंबर देते. सव्वीस दिवस फारच थोडे वाटतात खरे. पण त्या पायांची घाई आपण कशी मोजणार!

त्या चुकलेल्या दुपारची किंमत कोणी कोणी दिली तेही थोडक्यात सांगतो. रामसिंहाची मनसब काढून घेण्यात आली आणि पुढे त्याला दूर आसामच्या लढाईवर पाठविण्यात आले. मिर्झाराजांनी दक्षिणेत अपयश पदरी घेऊन १६६७ साली बुऱ्हाणपूर येथे देह ठेवला. तहात गेलेले किल्ले १६७० मध्ये एकामागून एक परत आले. त्यातला कोंढाणा कोणत्या किमतीला आला हे मुलांना सांगावयास नको. गिरधरलाल मुनशीचे पुढे काय झाले हे मात्र मोठ्या ग्रंथांतून सहसा कोणी लिहीत नाही. त्याने सांगितलेले काम तर केले होते. पाहुण्याला त्याने आणले होते.

मी त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो ते संमेलनानंतर पंधरा दिवसांनी. धाडस होत नव्हते हे खरे कारण. पावसाळी नसतानाही वाटेत दोनदा गाडी बदलावी लागली, तेव्हा त्या दिवशी ते कसे आले असतील याची कल्पना आली. त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली, सुनेला चहा ठेवावयास सांगितले. रागाचा एक शब्द नाही. भाताचे विचारले, शाळेचे विचारले, मुली किती आहेत ते विचारले. मी माफी मागू लागलो तेव्हा हाताने थांबविले. चहा झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, खुर्चीचं काही नाही हो. आमची सारी हयात उभ्यानं गेली. तेवढं एक सांगा, त्या दिवशी दारात कोण होतं?"

मी म्हणालो, "चाचा, कोणीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि कप खाली ठेवला. या वर्षीच्या कागदावर मंडपाच्याही आधी पहिल्या ओळीत दाराशी उभे राहणाऱ्याचे नाव मी लिहिले आहे. ते माझे आहे. ध्वनिक्षेपकाच्या तारा दुसरे कोणीतरी जोडील. तारीख ठरली की निमंत्रण घेऊन मीच वेल्ह्याला जाणार आहे.